बेसबॉलच्या मायनर लीगमध्ये (मोठ्या लीगच्या खालच्या, खेळाडू घडवणाऱ्या स्पर्धा) एखाद्या तरुण बॅटरचा हंगाम गाजला, तर तो पुढे मोठ्या लीगमध्ये चालेल हे कशावरून ओळखायचं?

नुसत्या होमरनवरून (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) नाही. मी आधी वय बघतो, मग वरच्या पायरीवर गेल्यावर काय झालं ते.

रोनाल्ड अकुन्या ज्युनियरचा २०१७ चा हंगाम घ्या. व्हेनेझुएलाचा हा पोरगा २०१४ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्ज या मोठ्या लीगमधल्या संघाने अवघ्या १ लाख डॉलरला घेतला होता. २०१६ मध्ये अंगठ्याच्या दुखापतीमुळे बराचसा हंगाम वाया गेला. हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए या मायनर लीगच्या चढत्या पायऱ्या. २०१७ ला हाय-ए मध्ये सुरुवात केली तेव्हा बॅटिंग सरासरी (यशस्वी फटक्यांचं प्रमाण) होती .२८७. डबल-ए मध्ये .३२६, ट्रिपल-ए मध्ये .३४४! गोलंदाजी (म्हणजे पिचिंग हो, क्रिकेटची सवय) कठीण होत गेली आणि हा सुधारत गेला. एरवी उलटं होतं. त्यातही मला महत्त्वाचं वाटतं ते स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइक होऊन बाद होण्याचं) प्रमाण: खाली साधारण ३२ टक्के, सर्वात वर २० च्या आसपास. म्हणजे कुठला चेंडू सोडायचा हे तो शिकत होता. वय फक्त १९, ट्रिपल-ए मधले बहुतेक जण त्याच्यापेक्षा बरेच मोठे. वर्षाची बेरीज २१ होमरन, ४४ चोरलेले बेस (पिचिंग चालू असताना धावून गाठलेला पुढचा बेस).

उलट २५-२६ वर्षांचा खेळाडू खालच्या पायरीवर धुलाई करत असेल, तर मी फारसा हुरळत नाही. काही मैदानं आणि लीगही बॅटरधार्जिण्या असतात, तेही तपासा.

अकुन्या एप्रिल २०१८ मध्ये वर आला आणि त्याच वर्षी नॅशनल लीगचा (मोठ्या लीगच्या दोन भागांपैकी एक) सर्वोत्तम नवोदित ठरला.