दोन छोटी राज्यं आणि अख्खी उमेदवारी

प्रश्न: अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडताना आयोवा, न्यू हॅम्पशायर अशी छोटी राज्यं आधी मतदान करतात आणि लगेच अर्धे उमेदवार घरी बसतात, असं का? बाकीच्यांच्या मताला मग किंमत काय? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर: ताई, प्रश्न एकदम बरोबर आहे. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यांतून निवडून आलेल्या जवळपास चार हजार प्रतिनिधींपैकी आयोवाचे होते फक्त ४१, म्हणजे आकड्यात काहीच नाही. पण आपल्याकडे मतमोजणीत पहिल्या फेरीची आघाडी कळते तेव्हा सगळ्यांची मतं आधीच पेटीत पडलेली असतात, तिकडे तसं नाही, तिकडे पहिला निकाल बघून मग पुढची राज्यं मत देतात, आणि तोवर टीव्हीवाले जिंकणाऱ्याच्या मागे लागतात, देणगी देणारेही तिकडेच वळतात, हरलेल्याकडे प्रचाराला पैसाच उरत नाही. १९७६ मध्ये जिमी कार्टर असेच वर आले, फारसं कुणी ओळखत नसताना, आणि खरं तर आयोवात त्यांच्यापेक्षा जास्त लोक 'अजून ठरलं नाही' म्हणणारे होते! २००८ मध्ये ओबामांनाही आयोवानेच उभं केलं.

पण दरवेळी तसंच होतं असं नाही हं. २०२० मध्ये बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे, आणि साउथ कॅरोलायनाने सगळं फिरवलं, तिथल्या कृष्णवर्णीय मतदारांनी. मला तर हे क्रम ठरवणंच अन्यायाचं वाटतं, कारण ती पहिली दोन्ही राज्यं बहुतांश गोऱ्यांची आहेत. २०२४ साठी डेमोक्रॅट्सनी साउथ कॅरोलायनाला अधिकृतपणे पहिलं केलं, तरी न्यू हॅम्पशायरने आपल्या राज्याच्या कायद्यावर बोट ठेवून आधीच मतदान उरकलं.