हिपॅटायटिस बीचे प्रकार आणि यकृताचा कर्करोग

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाला हिपॅटायटिस बी असून अहवालात ‘जनुकीय प्रकार डी’ असे लिहिले आहे. यावरून कर्करोगाचा धोका ठरतो का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : काही अंशी ठरतो, पण केवळ त्या अक्षरावरून धास्ती घेऊ नये. भारतात प्रामुख्याने डी व ए हे प्रकार आढळतात, तर पूर्व आशियात याच विषाणूच्या ‘बी’ या जनुकीय प्रकारापेक्षा ‘सी’ प्रकारात धोका अधिक दिसला आहे. यात विषाणूचे 154 अमिनो आम्लांचे (प्रथिने ज्यांची बनतात त्या घटकांचे) ‘एक्स’ प्रथिन महत्त्वाचे आहे, कारण यकृतपेशीतील ज्या प्रथिनसमूहाचा ते नाश घडवून आणते, त्याच समूहाकडे डीएनए-दुरुस्तीचेही काम असते. विषाणूच्या जनुकसंचात 1762 व 1764 या स्थानी ठरावीक बदल झाले, की या प्रथिनात 130व्या जागी लायसिनऐवजी मेथिओनिन आणि 131व्या जागी व्हॅलिनऐवजी आयसोल्युसिन येते. ही जोडी कर्करोगाच्या रुग्णांत अधिक आढळते. तरीही भावाचे वय, रक्तातील विषाणूचे प्रमाण, सिरोसिस (यकृतावर व्रण पडून ते कठीण होणे) आणि मद्यपान यांचा विचार आधी व्हायला हवा. सिरोसिस असल्यास दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नये, आणि घरातील सर्वांनी रक्त तपासून, संसर्ग नसल्यास व पूर्वी लस घेतली नसल्यास, ती अवश्य घ्यावी.