कथेवर नृत्य बसवताना निवेदनाचं काय करायचं?

तुम्ही विचारलंय की एका मराठी कथेवर नृत्यनाट्य बसवायचं आहे, पण पाहिलेल्या बहुतेक प्रयोगांत मागे रेकॉर्ड केलेलं निवेदन चालू असतं आणि पुढे नर्तक त्याबरहुकूम हातवारे करत असतात. मग नृत्य, नाटक आणि साहित्य खरोखर एकत्र येतं ते कसं? मी भरतनाट्यम शिकवते, कथा-कवितांवर रचना बसवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे.

निवेदक म्हणाला ‘ती रडली’ आणि नर्तकीने डोळे पुसले, की प्रेक्षकाला एकच बातमी दोनदा मिळते. माझ्या तालमीत हे चालत नाही. संहितेचं एकेक वाक्य घ्यायचं आणि ठरवायचं : हे बोलायचं, गायचं, की नाचायचं? जे बोललं गेलं त्याच्यापुढचं काहीतरी शरीराने सांगितलं पाहिजे. पदम, म्हणजे भरतनाट्यममधली संथ, अभिनयप्रधान रचना, करताना आपण हेच करतो. गायिका एकच ओळ घोळवत राहते. पहिल्या वेळेस हात शब्दांचा अर्थ सांगतात, पण तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला नर्तकी त्या ओळीच्या आसपासचं सगळं आयुष्य उघडू लागते. ओळीभोवतीचे असे बदलते भाव फुलवत नेणं म्हणजे संचारी भाव, आणि त्याची ही सगळी मुभा ओळ पुन्हा पुन्हा येते म्हणून मिळते. गद्य कथेत वाक्य एकदाच येतं आणि पुढे निघून जातं. निवेदनावर बसवलेलं नृत्य धावपळीचं वाटतं ते यामुळे.

मराठीत या विषयावरचा सगळ्यात मोठा धडा मला ‘घाशीराम कोतवाल’ या पेशवाईतल्या पुण्यावरच्या नाटकात दिसतो. डिसेंबर १९७२मध्ये पुण्यात पहिला प्रयोग झाला. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. मुळगुंदांचं नाव या यादीत नेहमी शेवटी येतं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. कारण त्या नाटकाचं म्हणणं निम्मंअधिक हालचालींत आहे. रांगेत उभे राहून डोलणारे ब्राह्मण आठवा. तोंड प्रेक्षकांकडे असतं तेव्हा ते भजन गाणारा, सोज्वळ समाज असतात. पाठ फिरवली की भिंत होते, आणि त्या भिंतीआड काय चाललंय ते आपल्याला कळत असतं. मघाशी देवाचं नाव घेणारी हीच माणसं बावनखणीत, म्हणजे नाचगाण्याच्या वस्तीत, लावणीवर ठेका धरतात. ‘हा समाज पापावर पांघरूण घालतो’ असं वाक्य कोणाच्या तोंडी घालायची गरजच उरत नाही. ते काम वळण्याची ती एक क्रिया करते. कोकणातल्या नमन-खेळे या लोकनाट्यातली रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही तऱ्हा ओळखीची वाटेल. आधी नाटक लिहून त्यात नाच पेरला असता तर हे साधलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

आजच्या नृत्यात याच्या अगदी उलट्या टोकाने काम करणारी रचनाकार म्हणजे कॅनडाची क्रिस्टल पाइट. २०१९च्या ‘रिव्हायझर’मध्ये तिने जोनाथन यंग या नाटककाराबरोबर रशियन लेखक गोगोलचं ‘इन्स्पेक्टर जनरल’ हे नाटक घेतलं. (आपल्याला ते पुलंच्या ‘अंमलदार’मुळे ओळखीचं आहे.) संवाद नटांनी आधीच रेकॉर्ड केलेले, नर्तक ते ओठांवर घेतात आणि प्रत्येक अक्षर खांद्यांत, गुडघ्यांत, मानेत उमटवतात. म्हणजे तुमच्या तक्रारीतलं रेकॉर्डिंग तिथेही आहेच! पण शरीर अर्थाच्या मागे न धावता आवाजाचा चढउतार, अडखळणं, लाळघोटेपणा पकडतं. भ्रष्ट अधिकाऱ्यांच्या तोंडची भाषा त्यांची स्वतःची नाही, हे त्या बाहुल्यांसारख्या अंगांवरून दिसत राहतं. पुढे वेशभूषा गळून पडते, संवाद विरतात, आणि त्याच प्रसंगांतल्या हालचाली उघड्यावर येतात. मघाशी जे हसण्यावारी नेलं होतं त्यातली भीती तेव्हा दिसते.

माझी स्वतःची पद्धत साधी आहे. कथा मोठ्याने वाचून घेते, नर्तकांकडूनही वाचून घेते, आणि तोवर कोणाला उभं राहू देत नाही. मग आम्ही कथेतली फक्त क्रियापदं वेगळ्या कागदावर लिहितो. विशेषणं सोडून देतो. ती प्रकाशयोजना आणि संगीताकडे जातात. क्रियापदांच्या यादीत एखादं असं सापडतं की जे सगळ्या कथेला पुरतं.

जनाबाईच्या ‘दळितां कांडितां, तुज गाईन अनंता’ या ओळीवर काम करताना ते होतं दळणं. विठ्ठल दळू लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. मोह असा होतो की नर्तकीने तिथे कमरेवर हात ठेवून विठ्ठल व्हावं. आम्ही तसं केलं नाही. पूर्ण रचनाभर जात्याचा फेरा कंबर आणि पाठीतून चालू ठेवला, मध्ये मध्ये डाव्या हाताने जात्यात धान्याची वैरण घालायची. विठ्ठल येतो त्या क्षणी नर्तकीने फक्त जोर लावणं सोडायचं. हात खुंट्यावरच, फेरा तसाच, पण अंगातला भार गेलेला. खुंट्याला दुसरा हात लागलाय हे प्रेक्षकांना न सांगता कळतं. एवढं एक भार सोडणं जमवायला तालमीचा सगळ्यात मोठा वेळ गेला, कारण भरतनाट्यममधलं आमचं शरीर सतत ताणलेलं राहायला शिकलेलं असतं.

तुमच्या कथेसाठी : निवेदन रद्दच करा असं मी म्हणणार नाही. काळ उडी मारतो, गाव बदलतं, नातं समजायला हवं असतं, तिथे दोन वाक्यं बोलून मोकळं व्हावं. नर्तकांकडूनच बोलवून घेतलीत तर आणखी बरं, दम लागलेल्या आवाजातही चालतील. संवाद फार गोड असतील तर ते तसेच राहू द्या आणि त्या वेळी नर्तकांना स्थिर उभं करा. पात्राच्या मनातले विचार मात्र निवेदकाकडे देऊ नका, ते नर्तकांचं हक्काचं काम आहे.

आणि रचना अर्धी झाली की कथा न वाचलेल्या कोणालातरी तालमीला बसवा. ‘काय घडलं?’ असं विचारू नका. ‘कोणाला काय हवं होतं?’ असं विचारा. त्याचं उत्तर आलं नाही तर निवेदनाची वाक्यं वाढवण्याआधी तो प्रसंग पुन्हा उभा करून बघा.