ब्लूटूथ हेडफोन मोबाइलवर छान वाजतात, मग लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की आवाज डब्यातून आल्यासारखा का होतो?

हेडफोन बिघडलेले नाहीत, नवे घेऊ नका.

साध्या ब्लूटूथवर चांगला स्टिरिओ आवाज आणि हेडफोनचा माइक एकाच वेळी चालत नाहीत. एखाद्या ॲपने तो माइक सुरू केला की जोडणी ‘हँड्स-फ्री’वर, म्हणजे फोनवर बोलण्यासाठीच्या मोडवर जाते. आवाज मोनो होतो, म्हणजे दोन्ही कानांत एकच, आणि सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात ते) बहुधा ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर उतरतं. सीडीला ते ४४.१ असतं! तबल्याची चाट, झांजा, गायकाचा श्वास, सगळी वरची बारीक नक्षी छाटली जाते. गाणं आवडीने ऐकणाऱ्याला हे सहन होणारच नाही.

म्हणून मीटिंगच्या ॲपमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा, स्पीकर म्हणून हेडफोन राहू द्या. विंडोजमध्ये त्याच हेडफोनची दोन नावं दिसली, तर ‘हँड्स-फ्री’ नसलेलं घ्या. मागे दुसरं ॲप माइक धरून बसलं असेल, तर तेही बंद करा.

आपल्या मुंबईच्या घरांत लॅपटॉपचा माइक पंखा आणि खालचे हॉर्नसुद्धा उचलतो. तसा त्रास असेल तर लॅमिंग्टन रोडवरून साधा यूएसबी माइक आणा आणि तो तोंडाजवळ ठेवा.