निघताना इंधन किती घेतोस?

"मॅडम, या वैमानिकीच्या क्षेत्रात आशा धरायची की डोळे उघडे ठेवायचे?" समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो. कधी बारावीतल्या मुलाची आई विचारते, कधी 200 तासांचं उड्डाण पूर्ण करून, सीपीएल म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हातात घेऊन घरी बसलेला मुलगा. पण सगळ्यात बेचैन असतात ते नोकरी लागलेले, लहान प्रादेशिक विमान कंपन्यांतले को-पायलट. ओंकार त्यांतलाच. नाव आणि ओळखीचे तपशील अर्थातच बदलले आहेत.

ओंकार 27 वर्षांचा, कराडजवळच्या गावचा. एटीआरवर को-पायलट. सत्तरेक आसनांचं, पंख्यांवर चालणारं विमान. तासाभराचे टप्पे, दिवसाला कधी चारही. कंपनीचं एक विमान सुट्या भागांअभावी उभं होतं आणि पगार दोन महिने उशिरा होत होता. शिक्षणासाठी वडिलांनी दीड एकर विकलं होतं, वर बँकेचं कर्ज. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तो वैमानिकांच्या ग्रुपवर कुठली कंपनी बुडते आहे हे वाचत बसायचा. पहिल्याच भेटीत मी त्याला बजावलं, की ड्यूटीआधी झोप झाली नसेल तर तसं कळवायचं, विमानात बसायचं नाही. बाकी सगळं नंतर.

"मामा म्हणतात, पॉझिटिव्ह राहा," तो म्हणाला. "आणि गावी गेलो की पारावरची माणसं विचारतात, काय रं, इमान चाललंय का अजून?"

त्याची भीती मी खोडून काढली नाही, कारण ती खोटी नव्हती. किंगफिशर 2012 मध्ये थांबली, जेट 17 एप्रिल 2019 ला, गो फर्स्ट मे 2023 मध्ये. छोटी शहरं विमानाने जोडणाऱ्या सरकारच्या 'उडान' योजनेतलं पहिलं विमान 27 एप्रिल 2017 ला शिमल्याहून दिल्लीला गेलं तेव्हा छोट्या गावांना पंख फुटले असं वाटलं. पण त्या योजनेत मार्गाला अनुदान मिळतं ते तीन वर्षं. पुढे तो मार्ग तिकिटांच्या पैशांवर उभा राहावा लागतो, आणि सगळेच राहत नाहीत. एटीआरचे तास कितीही असोत, एअरबसवर जायचं तर वेगळं टाइप रेटिंग, म्हणजे त्या विमानाचं खास प्रशिक्षण आणि मान्यता, लागतं. तेही लाखांतलं. दुसऱ्या बाजूला, बंद पडलेल्या कंपन्यांतले कितीतरी वैमानिक आज दुसरीकडे उडत आहेत, आणि ओंकारच्या लॉगबुकातले तास कुणी काढून घेणार नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या. तो सकाळी एक घोकायचा आणि रात्री दुसरी.

चौथ्या भेटीच्या दिवशी बाहेर धो धो पाऊस होता. मी सहज विचारलं, "अशा पावसात लहान विमानतळावर उतरायचं असतं तेव्हा आधी काय ठरवता?"

तो सरळ बसला. आवाजच बदलला. माझं पॅड ओढून त्याने एक उतरती रेघ काढली आणि तिच्यावर एका ठिकाणी आडवी खूण केली. "इथपर्यंत खाली यायचं. या उंचीवर धावपट्टी दिसली नाही तर चर्चा नाही, गो-अराउंड, म्हणजे पुन्हा वर. याला मिनिमा म्हणतात."

"मग?"

"ऑल्टरनेट. दुसरा विमानतळ निघण्याआधीच ठरलेला असतो. तिथपर्यंत पुरेल एवढं इंधन, आणि शेवटी टाकीत आणखी 30 मिनिटांचं."

"म्हणजे निघतानाच उतरता येणार नाही हे धरून चालता? तुमचे कॅप्टन फार निराशावादी दिसतात."

"नाही हो मॅडम! तेवढं इंधन असलं की निवांतपणे उतरायचा प्रयत्न करता येतो."

मी काहीच बोलले नाही. पेनाचं टोक त्या आडव्या खुणेवर तसंच टेकलेलं होतं. बऱ्याच वेळाने तो हळू आवाजात म्हणाला, "कर्जाच्या बाबतीत मी ऑल्टरनेटशिवाय उडतोय."

माझा कल विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे आहे. नोकरी टिकावी ही इच्छा. टिकलीच पाहिजे, नाहीतर मी संपलो, हा हट्ट. हा फरक मी वर्षानुवर्षं समजावत आले. त्या दुपारी तो ओंकारने स्वतःच्या कामाच्या भाषेत शोधला, आणि योग्य प्रश्न विचारून आपण बाजूला झालो याचं मला मनापासून समाधान वाटलं. उतरण्याची आशा आणि टाकीतलं इंधन यांचं भांडण नसतंच. इंधन नसलेल्या माणसाला आशेचीही धास्ती वाटते.

पुढच्या भेटीत कागद तयार झाला. मिनिमा: पगार सलग तीन महिने थकला की त्या दिवसापासून दुसरीकडे अर्ज, नव्याने विचार करायचा नाही. को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, म्हणून ही रेघ मुद्दाम वर आखली. इंधन: सहा हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात, त्यासाठी गाडी घ्यायचा बेत पुढे ढकलला. ऑल्टरनेट: 1500 तास भरेपर्यंत एटीपीएलचे, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या परवान्याचे पेपर सोडवून ठेवायचे, आणि फ्लाइंग स्कूलमध्ये हवामानशास्त्र, नेव्हिगेशन शिकवण्याची चौकशी आत्ताच करायची. ग्रुप म्यूट, वाचायचा तो फक्त रविवारी.

मुलांना या वाटेवर पाठवू पाहणाऱ्या पालकांनाही मी हेच सांगते. फी भरण्याआधी डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचं, क्लास 1 मेडिकल करून घ्या. त्यात अडचण निघाली तर ती 40-50 लाख गेल्यावर कळू नये. सीपीएलनंतर दीड-दोन वर्षं नोकरी लागली नाही तर हप्ते कशातून जातील, हे मुलाच्या देखत आकड्यांत लिहा. उत्तर सापडत नसेल तर थोडं थांबा. आणि राहतं घर गहाण टाकू नका. याबाबत मी कठोर आहे.

ओंकारच्या मनात एक गाठ मात्र उरली होती: बाबांची जमीन. "ती वाया गेली तर?" यावर प्रत्येक वेळी त्याचा गळा दाटायचा. शेवटच्या भेटीला मी वडिलांनाही बोलावलं. टोपी मांडीवर ठेवून ते खुर्चीच्या कडेला बसले. ओंकारने त्यांना तो कागद वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आवं मॅडम, म्या तरी दुसरं काय केलं?" ते म्हणाले. "माळाचं रान इकलं. हिरीजवळचं ठिवलं की. ह्याचं जमलं न्हाई तर घर उपाशी ऱ्हायाचं न्हाई, एवढं बघूनच इकलं."

ओंकार त्यांच्याकडे बघतच राहिला. "बाबा, हे कधी बोलला नाहीत."

"तू इचारलंस कवा?"