दुखतंय एकीकडे, बिघडलंय दुसरीकडे

या वेळच्या पत्रांमधली सहा पत्रं मी मुद्दाम एकत्र घेतोय. कुणाचं पोट, कुणाचा खांदा, कुणाचा गुडघा, पण आत डोकावलं तर सगळ्यांची अडचण एकाच जातीची आहे. पहिल्या उत्तराला जरा वेळ घेईन, ते नीट कळलं की पुढची भराभर होतील.

प्रश्न : माझे मिस्टर ५४ वर्षांचे आहेत. पुतण्याच्या साखरपुड्याचं जेवण झालं आणि रात्री दोनला छातीच्या खाली खळगीत दुखायला लागलं, घाम सुटला, एक उलटी झाली. मी ईनो दिलं, मग ओवा दिला, सकाळपर्यंत वाट बघितली. सकाळी ईसीजीत अटॅक निघाला. आता ते बरे आहेत, पण छातीत एकदाही दुखलं नाही असंच सांगतात. हृदयाचं दुखणं पोटात कसं येतं? माझं चुकलं का? — एक वाचक, पंढरपूर

उत्तर : ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगतो. तुमचं चुकलं नाही, त्यांच्या शरीरानेच तुम्हाला पत्ता चुकीचा सांगितला. असं का होतं ते बघू.

बोटाला काटा टोचला तर डोळे मिटूनही कुठल्या बोटाला कुठे टोचला ते सांगता येतं, कारण कातडीत नसांचं जाळं दाट असतं आणि लहानपणापासून पडून झडून, खाजवून, चटके खाऊन मेंदूने कातडीचा सगळा नकाशा पाठ केलेला असतो. आतल्या अवयवांचं तसं नाही. हृदय, जठर, आतडी यांच्यात वेदना नेणाऱ्या नसा विरळ असतात, आणि मुख्य म्हणजे मज्जारज्जूत शिरताना त्यांना स्वतःची वेगळी वाट नसते, कातडीकडून येणाऱ्या नसा जिथे पोचतात तिथेच त्याही पोचतात आणि पुढे वर जाणारी लाइन दोघांची एकच.

ज्यांचं वय चाळिशीच्या पुढे आहे त्यांना पीपी नंबर आठवत असेल. अख्ख्या वाड्यात एकाच घरी फोन, आणि बाकीचे नातेवाइकांना तोच नंबर देऊन ठेवायचे. हृदयाचा नंबर असा पीपी आहे. छातीच्या भागातल्या मज्जारज्जूच्या वरच्या चार-पाच टप्प्यांवर त्याच्या नसा येतात, आणि छातीची कातडी, हाताची आतली बाजू यांच्या नसाही तिथल्याच. मेंदूला आयुष्यभर त्या नंबरवरून फोन आलेत ते हाताचे आणि छातीचे, हृदयाचा कधीच आलेला नाही, मग पहिल्यांदा आला की त्याला वाटतं हातच दुखतोय. कुणाला डावा हात भरून येतो, कुणाला दोन्ही, कुणाचा जबडा आवळतो आणि तो माणूस दातांच्या डॉक्टरकडे जाऊन बसतो. लंडनच्या हेन्री हेड या डॉक्टरने १८९३ मध्येच कुठल्या अवयवाचं दुखणं कातडीच्या कुठल्या पट्ट्यात उमटतं याचे नकाशे मांडले होते, म्हणजे ही माहिती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, पण घराघरात अजून पोचलेली नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता पोटाचं. हृदयाची खालची भिंत श्वासपटलावर, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यावर, टेकलेली असते आणि श्वासपटलाच्या लगेच खाली जठर. ह्या खालच्या भिंतीचं रक्त अडलं की खळगीत दुखणं, मळमळ, उलटी हे प्रकार जास्त दिसतात, त्यात भर म्हणजे हृदय आणि जठर दोन्हीकडे फांद्या देणारी व्हेगस नावाची मोठी नस. मग माणूस म्हणतो जेवण बाधलं. आणि नेमकं जड जेवण झालेलं असलं की कुणालाच शंका येत नाही.

माझ्या वडिलांच्या बाबतीत अगदी हेच झालं. दुपारपासून खळगीत दुखत होतं, घाम येत होता, जवळच्या एका दवाखान्यात नेलं तर अॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, ईसीजी काढलाच नाही. मी तेव्हा परगावी शिकायला होतो. ते वाचले, पण हृदयाचं पंपिंग कायमचं कमी झालं, नंतरची नऊ वर्षं एका मजल्याचा जिना चढताना दोनदा थांबायचे. मी हे सगळं इतक्या पोटतिडकीने लिहितोय त्याचं कारण ते आहे.

म्हणून माझं सांगणं असं की चाळिशीच्या पुढच्या माणसाला जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठेही नवीन दुखणं आलं आणि सोबत घाम, धाप, मळमळ किंवा जीव घाबराघुबरा होणं यातलं काहीही असलं तर घरी ओवा द्यायचा नाही, ईसीजी काढायचा. अॅसिडिटी आहे की अटॅक हे घरात बसून मलाही ओळखता येत नाही. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणूनही निश्चिंत होऊ नका, थोड्या वेळाने परत काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाचा स्नायू दुखावला की रक्तात उतरणारं प्रथिन) बघतात, ते वाढायला काही तास लागतात. रक्त पूर्ण अडलं की साधारण अर्ध्या तासात हृदयाचा स्नायू मरायला सुरुवात होते आणि पुढच्या काही तासांत बराचसा जातो, गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा उपयोग साधारण पहिल्या १२ तासांत, आणि त्यातही पहिल्या दोन-तीन तासांत सगळ्यात जास्त. रात्री दोन वाजता मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसवून नेऊ नका, १०८ला फोन करा, वाटेत काही झालं तर गाडीत निदान माणसं आणि साधनं असतात. शुगर असलेल्यांनी तर जास्तच सांभाळायचं, कारण बऱ्याच वर्षांच्या शुगरने ह्या नसाच खराब होतात आणि अटॅक येऊनही दुखत नाही, नुसती धाप लागते किंवा गळून गेल्यासारखं वाटतं.

प्रश्न : माझ्या मुलीला (वय १७) संध्याकाळी बेंबीभोवती दुखत होतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आत्ता नक्की सांगता येत नाही, सकाळी परत आणा. सकाळी दुखणं उजवीकडे खाली सरकलं होतं, अपेंडिक्स निघालं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांना आदल्या दिवशी का कळलं नाही? — नाशिक

उत्तर : कारण आदल्या दिवशी ते तिथे दुखतच नव्हतं. तुमच्या डॉक्टरांनी सकाळी परत बोलावलं हे अगदी योग्य केलं.

गर्भात असताना आतडं म्हणजे शरीराच्या मधोमध असलेली एक साधी नळी असते, नंतर ती लांब होते, वळते आणि अपेंडिक्स उजवीकडे खाली जाऊन बसतं. जागा बदलली तरी नसांची जोडणी जुनीच राहते, मज्जारज्जूच्या छातीच्या भागातल्या दहाव्या टप्प्यावर, आणि बेंबीजवळच्या कातडीच्या नसाही तिथेच येतात. म्हणून सुरुवातीला अपेंडिक्स सुजतं तेव्हा दुखतं बेंबीभोवती, ते पण मोघम, बोट ठेवून दाखवता येत नाही असं. पुढे सूज वाढून पोटाच्या भिंतीच्या आतल्या अस्तराला लागली की गोष्ट बदलते. त्या अस्तराच्या नसा कातडीसारख्या, पत्ता अचूक सांगणाऱ्या. मग मुलगी एका बोटाने दाखवते, इथे. न्यूयॉर्कचे सर्जन मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये ती जागा सांगून ठेवली, उजव्या खुब्याच्या हाडाचं पुढचं टोक आणि बेंबी यांच्यामध्ये रेघ ओढली तर हाडापासून एक तृतीयांश अंतरावर. हे सरकायला बहुतेकदा १२ ते २४ तास जातात. सगळ्यांमध्ये असंच होतं असं नाही, लहान मुलांत आणि म्हाताऱ्यांत चित्र गोंधळाचं असतं.

एक कळकळीची विनंती, पोटात दुखतंय म्हणून एरंडेल किंवा जुलाबाचं काही देऊ नका. सुजलेलं अपेंडिक्स त्याने फुटू शकतं.

प्रश्न : आईचा उजवा खांदा दर पंधरा दिवसांनी दुखतो, रात्रीच्या जेवणानंतर जास्त. बाम, शेक, फिजिओथेरपी सगळं केलं. आता एका डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी सांगितलीये. खांद्यासाठी पोटाची सोनोग्राफी? — सांगली

उत्तर : करून घ्या, आणि त्या डॉक्टरांना सोडू नका. जेवणानंतर दुखतं आणि हात वर-मागे केला तरी फरक पडत नाही, असं असेल तर पित्ताशयात खडे असण्याची शंका घ्यायलाच हवी.

पित्ताशयाचं स्वतःचं दुखणं उजव्या बरगडीखाली येतं आणि मागे पाठीच्या फऱ्याच्या खालच्या टोकाशी जातं. पण खांद्याच्या अगदी टोकावर दुखतं ते वेगळ्या वाटेने, श्वासपटलाच्या. मला स्वतःला शरीररचनेतला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो. गर्भ चार आठवड्यांचा असताना श्वासपटल तयार व्हायला लागतं ते मानेच्या जवळ, तिथे त्याला मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या टप्प्यातून नस मिळते, आणि मग ते खाली सरकत सरकत बरगड्यांच्या तळाशी येतं तेव्हा ती नस पण सोबत ओढत आणतं. म्हणून आजही ती नस मानेतून निघते, हृदयाच्या कडेने खाली येते आणि श्वास चालवते. मान वरच्या बाजूला मोडली तर श्वास थांबतो तो ह्यामुळेच. खांद्याच्या टोकाची कातडी त्याच तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातली, म्हणजे परत पीपी नंबर. श्वासपटलाला खालून काहीही लागलं, सुजलेलं पित्ताशय, रक्त, पू, दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात भरलेला गॅस, काहीही, दुखतं खांद्यात.

यात एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी. पाळी चुकलेल्या बाईला पोटात दुखून चक्कर आली आणि खांद्याचं टोक दुखायला लागलं तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनळीत राहून ती नळी फुटलेली असू शकते, पोटात साचलेलं रक्त श्वासपटलापर्यंत पोचलेलं असतं. बीपी लो झालं म्हणून लिंबू-सरबत देत घरी थांबायचं नाही, ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणी लगेच न्यायचं.

प्रश्न : मुतखड्याची कळ कमरेतून थेट जांघेत आणि खाली वृषणात जाते. तिथे पण काही बिघडलंय का? विचारायला संकोच वाटतो. — जळगाव

उत्तर : संकोच कशाला. बहुतेक वेळा तिथे काही बिघडलेलं नसतं. वृषण गर्भात किडनीच्या जवळच तयार होतात आणि नंतर खाली उतरतात, नसा वरच्याच राहतात, त्यामुळे किडनी, मूत्रनळी आणि वृषण यांचा नंबर जवळजवळ एकच. खडा नळीतून जसा खाली येतो तशी कळ पण पुढे सरकते. मात्र तिथे सूज आली असेल किंवा हात लावला तरी प्रचंड दुखत असेल, विशेषतः तरुण मुलाला आणि अचानक, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो, त्यात साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन व्हावं लागतं. ताप आणि थंडी असेल तरी थांबू नका.

प्रश्न : नातू आठ वर्षांचा, महिनाभर गुडघा दुखतो म्हणतो, थोडा लंगडतो. गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल आहे. शाळा बुडवायला नाटक करतोय असं सगळे म्हणतात. — अकोला

उत्तर : काका, नाटक करणारं पोर खेळताना लंगडत नाही, हा लंगडतोय. त्याच्या खुब्याचा एक्स-रे काढून घ्या आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. खुबा आणि गुडघा दोन्ही सांध्यांना ऑब्ट्युरेटर नावाच्या एकाच नसेच्या फांद्या जातात, त्यामुळे खुबा बिघडला की मूल गुडघा दाखवतं. या वयात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी पडून तो ठिसूळ होणारा पर्थेस नावाचा आजार असतो, दहा-बारा वर्षांच्या पुढे तोच गोळा जागेवरून घसरण्याचा आजार असतो. दोन्हीत वेळेवर कळलं तर सांधा वाचवता येतो. तसं नसेलही, पण तपासल्याशिवाय त्याला खोटं पाडू नका.

प्रश्न : सासऱ्यांचा (वय ६१) उजवा कान दोन महिने दुखतोय. कान स्वच्छ आहे, पडदा चांगला आहे असं सांगितलं, ड्रॉप्स चालू आहेत, फरक नाही. चाळीस वर्षं तंबाखू-चुना खातात. — लातूर

उत्तर : शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. कान चांगला असून दुखतो तेव्हा दाढा, जबड्याचा सांधा, टॉन्सिल, जिभेची मागची बाजू आणि घसा बघायचा असतो, कारण कानाकडे मेंदूच्या पाचव्या, नवव्या आणि दहाव्या नसेच्या फांद्या येतात आणि त्याच नसा ह्या सगळ्या ठिकाणी जातात. बऱ्याचदा किडलेली दाढच निघते. पण चाळीस वर्षं तंबाखू आहे म्हटल्यावर जिभेच्या मुळाशी किंवा घशात कॅन्सरची गाठ नाही ना हे बघितल्याशिवाय थांबता येणार नाही, कारण तिथली गाठ सुरुवातीला तिथे दुखत नाही, कधी कधी नुसता एका बाजूचा कान दुखतो. आपल्याकडे गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी अजून कित्येक खिशांत आहे, त्यामुळे असे कान मी दर वर्षी बघतो.

ड्रॉप्सवर आणखी दिवस घालवू नका. या आठवड्यातच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या आणि नाकातून दुर्बीण घालून घसा बघायला सांगा, पाच-दहा मिनिटांचं काम असतं, भूल लागत नाही, नाकात फक्त बधिर करणारा स्प्रे मारतात. जाण्याआधी घरीच बघून ठेवा, तोंडात तीन आठवड्यांच्या वर न भरलेली जखम आहे का, गिळताना अडतंय का, आवाज बदललाय का, मानेला कुठे गाठ लागते का, वजन उतरलंय का, आणि हे सगळं कागदावर लिहून न्या, कारण डॉक्टरसमोर गेल्यावर ते ‘काही नाही, जरा कान दुखतो’ एवढंच सांगतील. तंबाखूचं त्यांना सुनेसमोर बोलायला अवघड जात असेल तर तुमच्या मिस्टरांना आत पाठवा.