आईला हाडांच्या ठिसूळपणाची गोळी द्यावी का? दुष्परिणाम वाचून भीती वाटते

तुम्ही लिहिलंय की आई ६८ वर्षांची आहे, हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.९ आलाय (उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे हाडं ठिसूळ), डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेट दिलीय आणि जबड्याचं हाड सडतं असं वाचून तुम्ही ती आठ दिवस पाकिटातच ठेवलीय. द्या ती गोळी. आमच्याकडे ती बंद केली होती, म्हणून सांगते.

माझी आई नौपाड्यात राहते. जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. तलावपाळीला फिरताना पाय अडखळला, हात टेकला आणि मनगट मोडलं. तेव्हा हीच ७० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली, दर रविवारी. तिसऱ्या महिन्यात छातीत जळजळ सुरू झाली. नेमका त्याच आठवड्यात ऐरोलीहून दादाने जबड्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. 'हे विष बंद कर. आपली आजी नाचणीच्या भाकरीवर नव्वदीपर्यंत जगली.' मी वाद घातला, पण आईने मुलाचं ऐकलं.

आजी जगली, खरं आहे. पण शेवटची दहा वर्षं ती जमिनीकडे बघतच चालायची. आम्ही त्याला म्हातारपणाचं पोक म्हणायचो. तिचे मणके दबले असणार, हे मला आता कळतं. नाचणी, दूध, कोवळं ऊन हे सगळं हवंच, पण उणे २.९ वर तेवढ्याने भागत नाही.

गोळी बंद करून चौदा महिने झाले आणि रात्री बाथरूमच्या उंबऱ्यावर आई पडली. खुबा मोडला. वॉचमन आणि खालच्या मजल्यावरची दोन मुलं, अशा तिघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिना उतरवला. प्रत्येक पायरीला ती माझ्या ओढणीचं टोक मुठीत आवळत होती. ऑपरेशन करून बॉल बदलावा लागला. त्यानंतर चार महिने ती घराबाहेर पडली नाही.

हॉस्पिटलमध्ये एका डॉक्टरांनी विचारलं, गोळी कशी घेत होता? आधी कुणीच हे विचारलं नव्हतं. उपाशीपोटी औषध घेऊ नये म्हणून आई ती चहाबरोबर घ्यायची आणि पुन्हा आडवी व्हायची. तो चहा मीच करून द्यायचे. ही गोळी उठल्याउठल्या, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते. त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहा-दूध नाही, कॅल्शियमची गोळीसुद्धा नाही. नाहीतर ती अन्ननलिकेला भाजते आणि चहाबरोबर घेतली तर अंगीही लागत नाही.

जबड्याचं म्हणाल, तर तो त्रास जास्त करून कॅन्सरच्या रुग्णांमध्ये दिसतो, कारण त्यांना याच जातीची औषधं मोठ्या मात्रेत, वारंवार शिरेतून देतात. ठिसूळपणासाठी घेणाऱ्यांत वर्षाला दहा हजारांत एखादा, किंवा त्याहूनही कमी. आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, आधीच मणका दबलेल्या बायकांमध्ये याच गोळीने खुबा मोडण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. दादाला मी तेव्हाही विचारलं होतं, तू फोटो पाठवलास तो एकाचा, खुबा मोडलेल्यांचे फोटो कोण पाठवणार? त्याने आजवर उत्तर दिलेलं नाही.

आता जपायच्या गोष्टी. गोळीच्या आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या. दात काढायचा असेल तर आधीच उरका. काही वर्षांनी मांडीत किंवा जांघेत ठणका लागला तर संधिवात समजून तेल चोळत बसू नका, एक्स-रे काढा. या औषधाने क्वचित मांडीचं हाडही मोडतं. पाच वर्षांनी थांबायचं की नाही ते डॉक्टरांना विचारा. आणि कुणी डेनोसुमॅब, म्हणजे ठिसूळपणासाठीच दर सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, सुचवलं तर त्याची तारीख चुकवायची नाही. ते मध्येच सोडलं तर मणके पटापट दबू शकतात.

माझ्या आईला आता वर्षातून एकदा झोलेड्रॉनिकचं, म्हणजे याच जातीच्या औषधाचं, सलाईन लावतात. पहिल्या वेळी दोन दिवस ताप आणि अंगदुखी होती, पॅरासिटॅमॉलने गेली. दुसऱ्या वेळी काहीच नाही. मूत्रपिंड चांगलं असेल तरच ते देतात.

तुमच्या आईला डोळे उघडल्याबरोबर चहा लागतो का? लागत असेल, तर गोळीऐवजी हे वर्षाचं सलाईन चालेल का, ते डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा.